पाण्याखालची भूल : थाम लुआंग, जुलै २०१८

भूल दिलेल्या रुग्णाला सोडून भूलतज्ज्ञ जात नाही. शिकायला लागल्याच्या पहिल्या आठवड्यातच हे आमच्या अंगी मुरवलं जातं. सर्जन हात धुवायला जाईल, सिस्टर सामान आणायला जाईल, वीज जाईल, पण आपली जागा रुग्णाच्या डोक्याशी. ८, ९ आणि १० जुलै २०१८ या तीन दिवसांत उत्तर थायलंडमधल्या एका गुहेत एका भूलतज्ज्ञाने हा नियम १३ वेळा मोडला. रुग्णाला भूल दिली, चेहऱ्यावर मास्क चढवला, हात पाठीमागे बांधले आणि त्याला पाणबुड्याच्या हवाली केलं. पाणबुडा काही डॉक्टर नव्हता. तो त्याला घेऊन गढूळ पाण्यात शिरला आणि रुग्ण नजरेआड झाला.

१३ जण गेले, १३ जिवंत बाहेर आले. लोक याकडे धाडसाची गोष्ट म्हणून पाहतात, आणि ती तशी आहेच. मला मात्र ती केटामाइन या औषधाची केस म्हणून मांडायची आहे. तालुक्याच्या ठिकाणी मी वर्षानुवर्षं हे औषध वापरलं आहे. त्याचे उपकार मला ठाऊक आहेत आणि त्याने माझ्या हाताला सुटलेला घामही आठवतो. या औषधाचे जवळजवळ सगळे गुणदोष त्या गुहेत एकाच वेळी पणाला लागले होते.

प्रसंग असा. २३ जूनला चिआंग राय प्रांतातल्या ‘मू पा’, म्हणजे रानडुक्कर, या फुटबॉल संघातली ११ ते १६ वर्षांची १२ मुलं आणि त्यांचा २५ वर्षांचा सहायक प्रशिक्षक सरावानंतर थाम लुआंगच्या गुहेत गेले. पाऊस आला, पाणी चढलं, परतीची वाट बंद झाली. आपल्याकडची लेणी पाहून आलेल्या माणसाला गुहा म्हटलं की दगडात कोरलेली खोली आठवते. ही गुहा चुनखडीच्या डोंगरात पाण्याने स्वतः पोखरलेली आहे, मैलोगणती वळणं घेत जाणारी, मध्येच माणूस जेमतेम सरकेल इतकी अरुंद होणारी. २ जुलैला जॉन व्होलँथन आणि रिक स्टँटन या दोन ब्रिटिश गुहा-पाणबुड्यांना तोंडापासून सुमारे ४ किलोमीटर आत, चिखलाच्या एका उंचवट्यावर ही मंडळी सापडली. नऊ दिवस पोटात अन्न नव्हतं. छतातून ठिबकणारं पाणी पिऊन ती तगली होती.

बाहेर रात्रंदिवस पंप चालू होते. त्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही सल्ला द्यायला गेले होते, आणि सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला जादा पंप विमानाने पाठवायला तयार ठेवले होते. उपशाचा भुलीशी थेट संबंध आहे. पाणी जितकं खाली जाईल तितकी डुबकी आखूड, आणि डुबकी जितकी आखूड तितकी औषधाची मात्रा कमी लागणार.

६ जुलैला हवेच्या टाक्या आत ठेवून परतताना समन कुनान हा थाई नौदलाचा माजी कमांडो मरण पावला. तंदुरुस्त, प्रशिक्षित माणूस. मुलं बसली होती तिथल्या हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आल्याची बातमीही त्याच सुमाराला आली. पावसाळा संपेपर्यंत वाट पाहावी किंवा डोंगराला वरून भोक पाडावं, हे पर्याय मागे पडले.

मग मुलांना डुबकी मारायला शिकवून का आणलं नाही? याचं उत्तर शोधमोहिमेच्या सुरुवातीच्या दिवसांतच मिळालं होतं. पंपावर काम करणारी चार माणसं गुहेच्या तोंडाकडच्या भागातच अडकली होती. स्टँटन आणि व्होलँथन यांनी त्यांना अगदी थोडंसं अंतर पाण्याखालून बाहेर काढलं. तेवढ्यातही मोठी माणसं घाबरली आणि पाण्यात झटापट झाली. इथे प्रवास तासन्‌तासांचा, पाण्यात हातभर अंतरावरचंही दिसत नाही, आणि सोबत डुबकीचा अनुभव नसलेली पोरं. घाबरलेलं मूल आधी मास्क ओढणार. स्वतःही बुडणार आणि सोबतच्यालाही बुडवणार. पाणबुड्यांचा निष्कर्ष कठोर होता : मूल शुद्धीवर असेल तर ते मरेल.

ॲडलेडचे डॉ. रिचर्ड हॅरिस हे भूलतज्ज्ञ आणि गुहा-पाणबुडेही. असा जोड जगात दुर्मीळच. त्यांना विचारणा झाली तेव्हा त्यांचं पहिलं उत्तर होतं, शक्य नाही. आपल्याला यशाची आशा नव्हती, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं आहे. त्यांचे जोडीदार क्रेग चॅलन हे पर्थचे निवृत्त पशुवैद्य. एखादं मूल दगावलं तर या दोघांवर कायदेशीर कारवाई होऊ नये म्हणून ऑस्ट्रेलियाने थायलंड सरकारकडून त्यांच्यासाठी राजनैतिक संरक्षण मिळवलं. एवढं झाल्यावर ते तयार झाले.

आता औषधाचं कोडं. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देताना आम्ही एका हाताने श्वास काढून घेतो आणि दुसऱ्या हाताने तो परत देतो. प्रोपोफॉल घ्या. उत्तम औषध, रुग्ण छान झोपतो, छान उठतो, पण शीर लागते, सतत चालू ठेवावं लागतं, आणि मात्रा जरा सरकली की श्वास थांबतो. अफूच्या कुळातली वेदनाशामकं श्वास मंदावतात. वायूची भूल द्यायला यंत्र हवं. स्नायू शिथिल करणारी औषधं तर विचारातही नकोत, कारण मग छातीच हलत नाही. गुहेत व्हेंटिलेटर नव्हता, नळी घालून फुगा दाबणारा हात नव्हता. हवं होतं असं औषध, जे कपड्यांवरून मांडीत टोचता येईल, काही मिनिटांत लागू होईल, वेदना आणि भीती दोन्ही पुसेल, आणि श्वासाचं काम मुलाकडेच ठेवेल.

असं औषध आमच्या कपाटात एकच आहे.

केटामाइन १९६२ साली केल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने पार्क-डेव्हिस कंपनीसाठी तयार केलं. त्याआधीच्या फेन्सायक्लिडिनने भूल चांगली मिळे, पण रुग्ण कित्येक तास भ्रमात राहत. तोच गुण, पण थोडा वेळ टिकणारा, असा हा शोध होता. १९६४ मध्ये एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सन यांनी ते पहिल्यांदा माणसांना दिलं, मिशिगनच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना. बंदिवानाची संमती कितपत खरी, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही, आज विचारायलाच हवा. त्या माणसांचं वर्णन ऐकून डॉमिनो यांच्या पत्नीने शब्द सुचवला : विलग झालेली भूल. १९७० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि औषध व्हिएतनामच्या युद्धभूमीवर पोचलं.

‘विलग’ हा शब्द अगदी चपखल आहे. मेंदूतल्या पेशी ग्लुटामेट नावाच्या रसायनातून एकमेकींना निरोप देतात. हा निरोप घेणारं एनएमडीए नावाचं एक दार आहे. केटामाइन त्या दारात अडकून बसतं. डोळा पाहतो, कान ऐकतो, पण पाहिलेलं-ऐकलेलं ‘माझ्यापर्यंत’ पोचत नाही. आणि मेंदूच्या देठातलं श्वासाचं केंद्र बहुतांशी आपलं काम करत राहतं. घशाच्या स्नायूंचा ताण टिकून राहतो. रक्तदाब आणि नाडी इतर औषधांनी पडतात, ती केटामाइनने उलट चढतात. श्वासनलिका सैलावतात, म्हणून दमेकऱ्यालाही ते मानवतं.

नवख्याला हे दृश्य भीतिदायक वाटतं. एकदा हात मोडलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ओटीच्या दाराशीच आईच्या कडेवर असताना मी इंजेक्शन दिलं. तीन-चार मिनिटांत त्याचं रडणं मधूनच तुटलं, मान आईच्या खांद्यावर टेकली. पण डोळे सताड उघडे, आणि बुबुळं संथपणे इकडून तिकडे जात होती. ती माऊली किंचाळलीच : “अहो मॅडम, माझं पोर बघतंय पण मला ओळखत नाही!” मी तिचा हात धरून मुलाच्या छातीवर ठेवला. “श्वास लागतोय ना हाताला?” तिने मान हलवली. “मग तो ठीक आहे. एका तासाने ओळखेल.” त्या दिवसापासून मी इंजेक्शन देण्याआधीच आईवडिलांना सांगते की डोळे उघडे राहतील.

याच औषधाच्या वाईट खोड्या आता सांगते, कारण हॅरिस यांची झोप त्यांनीच उडवली असणार. तोंडाला लाळ सुटते, भरपूर. ओटीत लाळ ओढून घेणारं सक्शन यंत्र असतं, पाण्याखाली मास्कमध्ये ती लाळ जाणार कुठे? घसा जागा असल्यामुळे लाळेच्या एका थेंबानेही स्वरयंत्र गच्च आवळून बसू शकतं. छाती वरखाली होते पण हवा आत जात नाही, असा तो प्रकार. उलटी होऊ शकते. औषध भरभर चढलं तर सुरुवातीची काही मिनिटं श्वास मंदावतो, क्वचित थांबतो. उतरताना काहींना भास होतात, माणूस ओरडतो, हातपाय झाडतो. लहान मुलांत हे कमी, पौगंडावस्थेपासून पुढे जास्त. शिवाय स्नायूंत दिलेली भूल अर्ध्या तासात विरळ व्हायला लागते, आणि गुहेतला प्रवास सुमारे तीन तासांचा होता.

या एकेका खोडीला हॅरिस यांनी उत्तर शोधलं होतं. मुलांना आधी अल्प्राझोलामची गोळी दिली, भीती कमी करायला. केटामाइनचे भासही या गटातल्या औषधांनी आटोक्यात राहतात. मग एका मांडीत केटामाइन, किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि दुसरीकडे लाळ सुकवायला ॲट्रोपिन. तीस किलोच्या मुलाला आपल्याकडच्या नेहमीच्या वायलमधलं ३ मिलिलीटर होतं, एवढंसं. मुलांना उपाशी ठेवलं होतं. टाकीत ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेली हवा होती. छाती ऑक्सिजनने भरलेली असेल तर श्वास मिनिटभर अडला तरी रक्तातला साठा पुरतो, हेच गणित आम्ही रोज भूल देण्याआधी मास्क लावून करतो. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आतून किंचित दाबाने हवा देणारा होता, म्हणजे कडेला फट राहिली तरी हवा बाहेर जाईल, पाणी सहजी आत येणार नाही. आणि मुलाला पालथं नेलं, त्यामुळे लाळ घशाकडे न जाता ओठांकडे वाहिली. ओटीत उताणं झोपवायची सवय असलेल्या माझ्यासारखीला हे वाचून थांबावंसं वाटलं.

हात मागे बांधले आणि पायही, ते पट्ट्यांनी. ऐकायला निर्दय वाटतं. पण भूल मध्येच विरळ झाली असती तर मुलाने सर्वांत आधी मास्कच उपटला असता.

एकेक मूल खाली पाण्याशी येई. हॅरिस त्याला मांडीवर घेऊन बसत, इंजेक्शन देत, मान कलेपर्यंत थांबत. मास्क चढवून त्याचा चेहरा पाण्यात धरत आणि बुडबुड्यांची वाट पाहत. भूल चढत असताना, थंड पाणी चेहऱ्याला लागलेलं असताना, पुढचा बुडबुडा येईपर्यंतचे ते सेकंद कसे गेले असतील याची मला पूर्ण कल्पना आहे आणि तरीही करवत नाही. श्वास लयीत आला की मूल पाणबुड्याकडे.

पुढचे तीन तास भुलीचा पहारा स्टँटन, व्होलँथन, जेसन मॅलिन्सन आणि ख्रिस जुएल या चौघांकडे. त्यांच्याजवळ भरून ठेवलेल्या सिरिंज होत्या आणि सूचना सोपी : मूल हालचाल करायला, कण्हायला लागलं की उथळ जागा गाठा आणि मांडीत पुढची मात्रा द्या. अर्ध्यापाऊण तासाने ही वेळ येत असे. वाटेत कोरड्या टप्प्यांवर चॅलन आणि इतर पाणबुडे मुलाला उचलून पलीकडे न्यायला, तपासायला होते. पाण्याखाली मात्र नाडी नाही, ऑक्सिमीटर नाही, स्टेथोस्कोप नाही. खूण एकच. बुडबुडे येताहेत का?

तिसऱ्या दिवशी पाच जणांना काढायचं होतं आणि अडचणीही त्याच दिवशी आल्या. एका लहानग्याच्या चेहऱ्याला मास्क नीट बसेना, मॅलिन्सननी वेगळा, कमी भरवशाचा मास्क लावून त्याला जपत, मास्कला कुठे धक्का लागू न देता बाहेर आणलं. जुएलच्या हातून वाट दाखवणारी दोरी सुटली. भूल दिलेलं मूल एका हाती, अंधार, आणि दिशा हरवलेली. ते चाचपडत एका मागच्या टप्प्यावर निघाले, तिथे मागून येणाऱ्या हॅरिसनी मूल ताब्यात घेतलं आणि बाहेर नेलं. शेवटचा माणूस निघाला न निघाला तोच मोठा पंप बंद पडला, पाणी चढायला लागलं आणि मागे राहिलेल्यांना धावत बाहेर पडावं लागलं.

भुलीच्या अंगाने पाहिलं तर एक धोका मला आधी सुचलाच नव्हता : थंडी. भुलीत शरीराची उष्णता राखण्याची यंत्रणा ढिली पडते, कुडकुडणंही दबतं. उपासाने हडकलेली मुलं, अंगाला सैल होणारे पोशाख, तीन तास पाणी. काही जण थंड पडूनच बाहेर आले आणि त्यांना ऊब द्यावी लागली. इथेही केटामाइनची एक बाजू उपयोगी पडते. इतर बहुतेक भुलीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावून आतली ऊब बाहेर सांडते. केटामाइन रक्तवाहिन्यांचा ताण टिकवतं, त्यामुळे आतलं तापमान त्या मानाने हळू उतरतं. प्रोपोफॉल चालवता आलं असतं, तरी या एका मुद्द्यावर ते मागे पडलं असतं.

सगळ्यांना चिआंग रायच्या रुग्णालयात ठेवलं. काहींना छातीचा संसर्ग होता, तो औषधांनी बरा झाला. १८ जुलैला सगळे घरी गेले. हॅरिस आणि चॅलन यांना २०१९ चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान विभागून मिळाला. मोहीम संपली त्याच सुमारास हॅरिस यांचे वडील वारले होते.

या यशानंतर “केटामाइन किती सुरक्षित!” असं डॉक्टरांच्याही तोंडून ऐकू यायला लागलं. त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. औषध श्वास राखतं हे खरं, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. नशेसाठी गैरवापर होतो म्हणून त्यावर जगभर कडक बंधनं घालावीत अशी मागणी झाली, तेव्हा संघटनेच्या तज्ज्ञांनी ती वारंवार नाकारली, कारण गरीब देशांतल्या कितीतरी ठिकाणी सिझेरियनला दुसरी भूलच नाही. आपल्याकडे २०११ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आणि २०१३ मध्ये शेड्यूल एक्समध्ये गेलं. वेगळं रजिस्टर, कुलूपबंद कपाट, दोन प्रतींतली चिठ्ठी. वर्षानुवर्षं नशेसाठी घेणाऱ्यांच्या मूत्राशयाची जी दशा होते, ती पाहता नोंदी ठेवण्याचा कंटाळा कुणी करू नये. दुसरीकडे, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी याच केटामाइनच्या भावंडाचा, एस्केटामाइनचा, नाकातला फवारा २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. तोही घरी न्यायला मिळत नाही, दवाखान्यात डोळ्यांसमोर घ्यावा लागतो आणि नंतर दोन तास तिथेच थांबावं लागतं.

सुरुवातीला मी म्हटलं की नियम १३ वेळा मोडला. केस पुन्हा पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, डॉक्टर मागे राहिला, पण रुग्ण एकटा नव्हता. प्रत्येकापाशी एक माणूस होता, त्याचा हात सतत त्याच्या अंगावर होता, आणि तीन तास त्याला दुसरं काहीही काम नव्हतं. याउलट मी अशी छोटी रुग्णालयं पाहिली आहेत, जिथे डॉक्टर स्वतःच केटामाइन टोचतो आणि स्वतःच टाके घालायला वाकतो. मुलाच्या डोक्याशी कुणीच नाही. ‘श्वास राहतो ना, मग झालं.’ त्या मुलाला गुहेतल्या मुलाइतकंही राखलं जात नाही.

ऑक्सिमीटर यायच्या आधी आमच्याकडे एक मावशी होत्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर मला जावं लागलं, तर केटामाइन दिलेल्या मुलाच्या छातीवर त्यांचा तळवा ठेवून मी एवढंच सांगत असे : मावशी, दुसरं काही करायचं नाही, कुणी हाक मारली तरी. एकदा भर ओटीत वीज गेली. अंधारात सगळे बॅटरी शोधत असताना त्यांचा आवाज आला, “मॅडम, छाती हलतीय, पण वारा येत न्हाई.” मी चाचपडत जाऊन जबडा पुढे उचलला, मास्क दाबून धरला. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग एक घरघर, आणि श्वास. मावशींनी तळवा तोवर काढला नव्हता.